चार वर्षांची झोपेची गोळी, घोरणं आणि रातची लाईट

प्रश्न थोडक्यात असा. परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचे वडील, अण्णा, ५६ वर्षांचे. ऊस आणि हळदीची शेती. चार वर्षांपासून रोज रात्री अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅमची गोळी घेतात. आता गोळी घेऊनही दोनला जाग येते आणि पुढे डोळा लागत नाही. घोरणं ओसरीतून ऐकू येतं. रातची लाईट, म्हणजे शेतीपंपाला रात्रीची वीज, असली की दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला, मळ्यात जातात. शहरातल्या एका दवाखान्यात त्यांना झोपेच्या नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेता का, असं विचारलं. ताईंचा प्रश्न आहे की गोळी सोडवायची कशी आणि चाचणीत जावं का. शेवटी आईबद्दल एक ओळ आहे: रात्री पाय हलवल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

ताई, गोळी आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. चार वर्षं रोज घेतलेलं अल्प्राझोलाम अचानक तोडलं तर थरथर, घाम, छातीत धडधड, आधीपेक्षा वाईट झोप आणि काही जणांत फेफरं येऊ शकतं. हे औषध शरीरातून साधारण ११ तासांत निम्मं होतं, म्हणून एक-दोन रात्री चुकल्या तरी त्रास जाणवतो. आता अण्णांना एक गोष्ट नीट विचारा: मळ्यात जायच्या रात्री गोळी घेतात का? बहुतेक घेत नसणार. म्हणजे आठवड्यातले काही दिवस गोळी, काही दिवस नाही. मळ्यावरून परतल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या रात्री जी झोप येत नाही, ती बऱ्याचदा चुकलेल्या गोळीची उलटी लाट असते. माणसाला मात्र वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही.’ चार वर्षं गोळी टिकून राहण्याचं हे एक मोठं कारण असतं आणि ते कुणी विचारत नाही.

गोळी घेऊन रात्री मळ्यात जाणं तर त्याहून वाईट. चिखल, मोटारीचा करंट, साप, विहिरीचा काठ, आणि गुंगीत पडणारं पाऊल. ही गोळी पोटात असताना रात्री बाहेर पडायचं नाही, मोटारसायकल चालवायची नाही, आणि तिच्यासोबत दारू तर कधीच घ्यायची नाही.

आता घोरणं. गोळी आणि झोप या दोन्हीला हात लावण्याआधी याचा निकाल लावायला हवा. घोरणाऱ्या माणसाला मध्यरात्री वारंवार जाग येत असेल तर ती जाग निद्रानाशाची असेलच असं नाही; घशाची वाट मिटून श्वास अडतो, ऑक्सिजन खाली जातो आणि मेंदू धक्का देऊन उठवतो, असंही असू शकतं. हाच स्लीप अ‍ॅप्निया. अल्प्राझोलामसारखी औषधं घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि हा धक्का उशिरा द्यायला लावतात. म्हणून अ‍ॅप्निया असेल तर गोळीने झोप ‘गाढ’ वाटते, पण आत श्वास जास्त वेळ अडलेला असतो.

घरी करण्यासारखं काम असं. आईंना सांगा, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या, छाती-पोट दिसेल आणि आवाज येईल असा. पहाटेची वेळ मुद्दाम सांगतो. स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि अ‍ॅप्नियाही तेव्हा वाढतो. घोरणं चालू, मग दहा-वीस सेकंद शांतता, पोट हलतंय पण आवाज नाही, मग फुरफुरत मोठा श्वास, असं दिसलं तर डॉक्टरांना तोच व्हिडिओ दाखवा. शिंप्याच्या टेपने गळ्याचा घेर घ्या, कंठाच्या उंचवट्याच्या पातळीवर. डॉक्टर स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची चाचणी वापरतात: मोठं घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबल्याचं कुणी पाहिलं का, रक्तदाब, वजनाचा निर्देशांक (बीएमआय) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळा ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. ३ पासून शंका घ्यायची, ५ पासून शंका पक्की. वय, पुरुष असणं आणि घोरणं मिळून अण्णांचे तीन आत्ताच भरले. वजनाच्या रकान्यावर आपल्याकडे फार विसंबू नका. आशियाई बांध्यात सडपातळ माणसालाही अ‍ॅप्निया होतो, कारण जबड्याची ठेवण लहान असते.

पुढची पायरी स्लीप स्टडी. पूर्ण तपासणीत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायाला तारा, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा असतो. घरी नेण्याच्या छोट्या यंत्रात डोक्याच्या तारा नसतात. इथे एक खोच आहे, ती लक्षात ठेवा. निकाल तासाला किती वेळा श्वास अडला यावर येतो: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. पण घरचं यंत्र झोपेच्या तासांनी भागत नाही, यंत्र चालू होतं त्या तासांनी भागतं. अण्णा आठ तास यंत्र लावून पाचच तास झोपले, तर आकडा खोटा कमी येतो. निद्रानाशाच्या माणसाचा घरचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून लगेच सुटका मानायची नाही. लक्षणं दिसत असतील तर पूर्ण तपासणी मागा. त्या रात्री नेहमीची गोळी घ्यायची की नाही हे आधी विचारून घ्या आणि जे केलं ते अहवालावर लिहून घ्या. मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटाला चिमटा लावू नका.

अ‍ॅप्निया निघाला तर सीपॅप हे मुख्य शस्त्र. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते मांडलं. नाकातून दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवायची, एवढंच तत्त्व. यंत्र फसतं ते मास्कमुळे. मास्क दुकानात उभ्याने बसवून घेऊ नका, आडवं पडून आणि दाब चालू ठेवून बसवा. पट्टे जितके आवळाल तितकी गळती वाढते. पहिला आठवडा दिवसा, रेडिओ ऐकताना अर्धा तास लावून सवय करा. आपल्याकडच्या दोन खास अडचणी: धूळ आणि पाणी. फिल्टर दर आठवड्याला बघा, मळला की धुवा किंवा बदला, जसा प्रकार असेल तसा. यंत्राच्या हवा दमट करणाऱ्या भांड्यात बोअरचं पाणी कधीच घालू नका. क्षारांचा थर बसतो. डिस्टिल्ड पाणी वापरा. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरला जोड घ्या.

सीपॅपबद्दलचं संशोधन प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्या २,७१७ जणांत सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. पण त्यात लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं. दिवसाची गुंगी, घोरणं आणि जगण्याचा दर्जा मात्र सुधारला. म्हणून यंत्र घ्यायचं ते दिवसाच्या गुंगीसाठी आणि झोपेसाठी, आणि वापरायचं ते रात्रभर. कपाटात ठेवण्यासाठी एवढा खर्च करू नका.

अ‍ॅप्नियाचा निकाल लागला की मग निद्रानाशाचा खरा उपचार. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ त्रास असेल तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार गोळी नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये हेच सांगितलं: आधी सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याची पद्धत. २०१५ मध्ये २० चाचण्या एकत्र करून काढलेले आकडे असे: डोळा लागायचा वेळ सरासरी १९ मिनिटांनी कमी, मधल्या जागरणाचा वेळ २६ मिनिटांनी कमी, एकूण झोपेत वाढ मात्र जेमतेम ७-८ मिनिटं. हा शेवटचा आकडा नीट समजून घ्या. या उपचाराने झोप लांबत नाही, ती घट्ट होते. अण्णांना ‘आठ तास झोप मिळेल’ असं सांगून सुरुवात केली तर तिसऱ्या दिवशी ते सोडून देतील.

सुरुवात वहीपासून. दोन आठवडे, रोज सकाळी चहाच्या वेळी, अंदाजाने सहा गोष्टी: बाजेवर किती वाजता पडलो, डोळा किती वेळाने लागला, मध्ये किती वेळा आणि एकूण किती वेळ जागा होतो, शेवटची जाग किती वाजता, उठलो किती वाजता, गोळी किती घेतली. सातवा रकाना आपल्या भागासाठी वाढवा: रातची लाईट होती का. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. घड्याळ बघण्यानेच जाग पक्की होते. मोबाइल उशापासून लांब ठेवा. अण्णांना लिहायचा कंटाळा असेल तर तुम्ही फोनवरून विचारून लिहा.

आता हिशोब. समजा रातच्या लाईटचे दिवस सोडून अण्णा ९ वाजता पडतात आणि ६ ला उठतात. बाजेवर ५४० मिनिटं. झोप सरासरी सव्वापाच तास, म्हणजे ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ५४०, म्हणजे ५८ टक्के. बाजेवरचा जवळजवळ अर्धा वेळ कुशी बदलण्यात आणि हिशोब करण्यात जातो, आणि शरीर शिकतं की बाज ही जागं राहायची जागा आहे. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये सुचवलेला उपाय ऐकायला उलटा वाटतो: बाजेवरचा वेळ झोपेइतकाच करायचा. सव्वापाच तास झोप असेल तरी साडेपाच तासांच्या खाली जायचं नाही, ही मर्यादा. अण्णांना उठायची वेळ पक्की ठरवू द्या, समजा पहाटे ५. मग पडायची वेळ रात्री ११.३०. त्याआधी बाजेला पाठ लावायची नाही.

आठवड्याने वही बघा. ३३० मिनिटांपैकी २९० झोप, म्हणजे ८८ टक्के. ८५ च्या वर असेल तर १५ मिनिटं वाढवा: आता ११.१५. ८० ते ८५ असेल तर तेच ठेवा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी करायची, पण साडेपाचच्या मर्यादेवर आधीच असाल तर तिथेच थांबून आणखी आठवडा द्या. वाढ फक्त पडण्याच्या बाजूने करायची. उठायची वेळ हलवायची नाही, सणावाराला नाही, रात्र वाईट गेली तरी नाही. उपचार बिघडतो तो नेमका इथे. रात्र वाईट गेली की घरचे मायेने म्हणतात, ‘झोपू द्या जरा आठपर्यंत.’ ती माया पुढची रात्र घालवते.

पहिले दहा दिवस त्रासाचे असतात. दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी सात ते नऊ डोळे मिटतात. दुपारी लिंबाखाली बाजेवर पडलेली अर्ध्या तासाची डुलकी रात्रीच्या झोपेतून वजा होते. संध्याकाळी अण्णांना एकटं बसू देऊ नका; भजन, पारावर गप्पा, नातवाचा अभ्यास, काहीही. या काळात ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, मोटारसायकल यांपासून लांब. फेफऱ्याचा आजार, उन्माद-नैराश्याचा आजार, झोपेत चालण्याची सवय किंवा उपचार न केलेला अ‍ॅप्निया असेल तर हा वेळ आखडण्याचा भाग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करूच नये. झोप तोडल्याने फेफरं किंवा उन्माद उसळू शकतो.

त्याच्या जोडीला रिचर्ड बूटझिन यांचा १९७२ चा नियम: साधारण वीस मिनिटं जागं पडलोय असं वाटलं की उठायचं, दुसरीकडे बसायचं, डुलकी आली की परत. पुस्तकात ‘दुसऱ्या खोलीत जा’ असं लिहिलेलं असतं. एका खोलीत पाच माणसं झोपतात तिथे हे कसं करायचं? ओसरीत किंवा दारापाशी एक चटई कायमची टाकून ठेवा, मंद दिवा, भिंतीला टेकून बसायचं. आडवं व्हायचं नाही आणि तंबाखूची पुडी तिथे ठेवायची नाही. निकोटिन जागं ठेवणारं आहे. रात्री दोनला उठून चुना मळणारा माणूस आपल्याच हाताने जाग लांबवतो. शेवटचा चहा दुपारी तीनपर्यंत.

उन्हाळ्यात चैत्र-वैशाखात ही पद्धत सुरू करायला मी सहसा सांगत नाही. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं आणि पत्र्याखाली मध्यरात्रीपर्यंत ते उतरत नाही. रब्बीत पाण्याच्या पाळ्या असतात. अण्णांसाठी योग्य काळ पाऊस लागल्यापासून पोळ्यापर्यंतचा, कारण तेव्हा रात्री पाणी द्यायची वेळ फारशी येत नाही आणि सहा ते आठ आठवडे सलग मिळतात. श्रावणातल्या सप्ताहात वीणा-पहाऱ्याची पाळी दिवसाची मागून घ्या. आणि पाऊस ओढ देऊन पाणी द्यावंच लागलं तर शक्यतो भाऊ किंवा सालगडी पाठवा. अण्णाच गेले तर त्या दिवशीची गोळी चुकवायची नाही. मळ्यावरून येऊन झोपायला पडताना घ्यायची का, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून ठेवा, आणि त्यानंतर सात-आठ तास वाहन हातात नको. दुसऱ्या दिवशीची झोप सकाळी तीन-चार तासांवर थांबवा म्हणजे पुढची रात्र हातात राहते.

गोळी कमी करणं झोप थोडी बसल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून. आधी पट्टी बघा: तिच्यावर ‘एसआर’ (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलं असेल तर ती तोडायची नाही, एकदम सगळं औषध सुटतं. साधी गोळी असेल तर डॉक्टर ०.२५ च्या गोळ्यांवर नेतील, म्हणजे अर्धी करता येते. पायऱ्या साधारण अशा: ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५, मग बंद. दर पायरीवर किमान दोन आठवडे; कपात यापेक्षा वेगाने करू नये आणि जमलं तर याहून संथच करावी. शेवटच्या दोन पायऱ्यांवर तीन-चार आठवडे थांबलात तरी हरकत नाही, कारण मिलिग्रॅम तेवढेच घटले तरी हातातल्या डोसचा निम्मा किंवा सगळाच भाग जातो. एक रात्र आड घेणं चुकीचं. रोज थोडं कमी, पण रोज. कमी केल्यावर चार-पाच रात्री झोप बिघडते, मग बसते. बिघडली की मागच्या पायरीवर उडी मारू नका, आहे तिथे थांबा. हातपाय कापणं, भास, झटके असं काही झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

हे जोडीने का करायचं, त्याला आधार आहे. २००४ मध्ये चार्ल्स मोरीन यांच्या गटाने वयस्कर, वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांवर केलेल्या चाचणीत फक्त हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ४८ टक्के गोळीमुक्त झाले; त्याला सीबीटी-आयची जोड दिल्यावर ८५ टक्के. अल्प्राझोलाम एच-१ यादीत आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. ओळखीच्या दुकानातून पट्टी आणायची सवय असेल तर ती इथेच मोडा. मनाची घालमेल जास्त असेल, कर्ज, पीक गेल्याची काळजी असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर वही-बिही बाजूला, लगेच डॉक्टरांकडे.

आता औषधाची चाचणी. चाचणीला माझा विरोध नाही. वर दिलेले सगळे आकडे कुणीतरी सहभागी झालं म्हणून मिळाले. पण अण्णांनी आत्ता जाऊ नये असं मला वाटतं. झोपेच्या औषधांच्या बहुतेक चाचण्यांत अ‍ॅप्निया असलेले, रात्री काम करणारे आणि आधीच झोपेची गोळी घेणारे वगळले जातात. अण्णा तिन्हीत बसू शकतात. घ्यायचं ठरवलं तर चालू गोळी आधी बंद करायला सांगतील. ती किती आठवड्यांत, कुणाच्या देखरेखीखाली, हे लेखी मागा. ‘आठवड्यात बंद करा’ असं उत्तर आलं तर नाही म्हणा. सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. भारतात १५ जून २००९ पासून चाचणीत पहिला माणूस घेण्याआधी तिथे नोंद लागते, आणि ती कुणालाही बघता येते. हेही विचारा: नकली गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली, मिळण्याची शक्यता किती? या चाचण्यांत नकली गोळीवाल्यांचीही झोप बऱ्यापैकी सुधारते, म्हणून तो गट ठेवावाच लागतो. त्यात फसवणूक नाही, पण आधी कळायला हवं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई कोण देणार, हे २०१९ च्या नियमांप्रमाणे संमतिपत्रात लिहिलेलं असतं. ते मराठीत मागा, घरी आणून वाचा, सहीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

आणि आई. संध्याकाळनंतर, बसल्या-पडल्या पायात वळवळ, हलवलं की बरं, थांबलं की परत: हा रेस्टलेस लेग्ज असण्याची शक्यता मोठी. अण्णांची गोळी त्यांना देऊ नका. रक्तात हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासा, ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना, कारण तेव्हा तो खोटा वाढतो. प्रयोगशाळेच्या कागदावर २० सुद्धा ‘नॉर्मल’ छापून येतो, पण या आजारात ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह देतात. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, चहापासून दोन तास लांब. दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी त्यांना अमिट्रिप्टिलिन चालू असेल, किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी रोज घेत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन्हींनी पायांची वळवळ वाढते.